जुना फ्लॅटबेड स्कॅनर बंद पडला तर: घरच्या घरी तपासणी आणि दुरुस्ती

संगणक घेताना सोबत घेतलेला फ्लॅटबेड स्कॅनर काही वर्षे चालतो, एक दिवस बंद पडतो आणि मग माळ्यावर जातो. मोबाइलने फोटो काढता येत असल्यामुळे त्याची आठवणही कुणाला राहत नाही. आठवण होते ती घरातले जुने कागद शोधायची वेळ आली की.

वाशिम जिल्ह्यात ही वेळ अनेकांवर येते. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. त्याआधीचे दाखले, नकला आणि खरेदीखते ‘जिल्हा अकोला’ या नावाने आहेत. १९५६ पूर्वीच्या कागदांवर मध्य प्रदेश किंवा ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असा मथळा आढळतो, तर १९०५ पूर्वीचा कागद ‘बाशीम’ या तेव्हाच्या स्वतंत्र जिल्ह्याचा असू शकतो. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांआधीचा पुरावा लागतो. असा पुरावा म्हणजे बहुधा घडीवर फाटलेला, शाई उडत चाललेला एकच कागद असतो. त्याची चांगली प्रत वेळेवर निघाली नाही, तर पुढच्या पिढीच्या हाती काही राहत नाही.

अशा कागदासाठी फ्लॅटबेड स्कॅनर आजही मोबाइलपेक्षा सरस आहे. कागद काचेवर सपाट राहतो, उजेड सगळीकडे सारखा पडतो, सावली येत नाही आणि मूळ मापाची प्रत मिळते. शिवाय ‘बिघडला’ म्हणून बाजूला ठेवलेल्या स्कॅनरमध्ये दोष पुष्कळदा साधा असतो: कुलूप लागलेले, केबल सैल, अडॅप्टर गेलेला, नव्या संगणकात ड्रायव्हर नसलेला किंवा काचेवर धूळ. म्हणून तपासणी बाहेरून आत करत जावी आणि पेचकस सर्वांत शेवटी हातात घ्यावा.

स्कॅनर कसा चालतो?

काचेखाली एक आडवी पट्टी असते, तिला स्कॅन हेड म्हणतात. छोटी मोटर आणि दातेरी पट्टा तिला कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढतात. हेडमधला दिवा कागदावर उजेड टाकतो, परत आलेला उजेड सेन्सर मोजतो आणि कागद ओळीओळीने वाचला जातो. घरगुती स्कॅनरचे दोन प्रकार आहेत.

सीसीडी स्कॅनर जाड आणि जड असतो. त्यात लांब पांढरी नळी, आरसे, भिंग आणि एक छोटा सेन्सर असतो. त्याला बहुधा वेगळा अडॅप्टर लागतो. यातल्या सीसीडी सेन्सरचा शोध विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली बेल लॅब्जमध्ये लावला. त्यासाठी दोघांना २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. काचेपासून थोडा वर उचललेला भागही हा स्कॅनर बऱ्यापैकी स्पष्ट टिपतो. त्यामुळे जाड वहीची शिवणीकडची बाजू त्यावर चांगली येते.

सीआयएस स्कॅनर पातळ आणि हलका असतो. कॅननची ‘लाइड’ मालिका हे त्याचे घरोघरी पोहोचलेले उदाहरण. त्यात लाल, हिरवे आणि निळे एलईडी दिवे असतात आणि सेन्सर कागदाच्या रुंदीइतका लांब असतो. बहुतेक मॉडेल केवळ यूएसबी केबलच्या विजेवर चालतात. कागद काचेला टेकलेला नसेल, तर मात्र तेवढा भाग धूसर येतो. हा बिघाड नाही, रचनेची मर्यादा आहे.

आपला स्कॅनर कोणत्या प्रकारचा आहे हे आधी ओळखावे. पुढची बरीच तपासणी त्यावर ठरते.

पहिली तपासणी: कुलूप, केबल आणि वीज

कुलूप: वाहतुकीत हेड हलू नये म्हणून अनेक स्कॅनरच्या तळाशी किंवा मागे एक सरकती कळ असते. तिच्याजवळ बंद आणि उघड्या कुलपाचे चित्र असते. माळ्यावर ठेवताना कुणीतरी ती लावलेली असते आणि नंतर विसर पडतो. कुलूप लागलेले असताना स्कॅन सुरू केला, तर मोटर घरघरते, हेड हलत नाही आणि संगणकावर चुकीचा संदेश येतो. म्हणून पहिली नजर इथे टाकावी.

यूएसबी केबल: दुसरी केबल लावून पाहावी. प्रिंटरला येते तीच चौकोनी टोकाची केबल बऱ्याच स्कॅनरना चालते. केबल हबमध्ये किंवा कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये न लावता मागच्या पोर्टमध्ये थेट लावावी. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज देतो. सीआयएस स्कॅनरला त्यातली बरीच लागते. तीच वीज हबवर वाटली गेली की स्कॅनर ओळखला जातो, पण स्कॅन करताना मध्येच थांबतो. फार लांब केबलही टाळावी.

अडॅप्टर: सीसीडी स्कॅनर पूर्ण मेलेला दिसत असेल, तर पहिला संशय अडॅप्टरवर घ्यावा. वीज वारंवार जाते-येते अशा ठिकाणी तो आधी जातो. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून पिनेवरचे व्होल्टेज मोजावे आणि अडॅप्टरवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. शून्य आले तर निकाल लागला. आकडा बरोबर आला, तरी अडॅप्टर निर्दोष आहे असे लगेच समजू नये. जुना अडॅप्टर मोकळा असताना बरोबर आकडा दाखवतो आणि भार पडताच कोसळतो. दिवा लुकलुकणे किंवा हेड निघताच स्कॅनर बंद पडणे ही त्याची खूण आहे.

नवा अडॅप्टर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात आणि पिनेच्या आतली-बाहेरची धन-ऋण बाजू जुळली पाहिजे. पीन बसते म्हणून दुसऱ्याच यंत्राचा अडॅप्टर लावल्यास चांगला स्कॅनर कायमचा जळू शकतो.

दुसरी तपासणी: दोष यंत्रात की संगणकात?

संगणक बदलला आणि स्कॅनर बंद पडला, असे झाले असेल तर स्कॅनर बहुधा ठणठणीत आहे. जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर ३२-बिट विंडोजसाठी लिहिलेले असत. ते ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येते. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यानंतर लोक नव्या विंडोजकडे वळले की ही अडचण समोर येते.

आधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचा ६४-बिट ड्रायव्हर आहे का ते पाहावे. अनोळखी संकेतस्थळांवरचे ‘मोफत ड्रायव्हर’ टाळावेत. त्यांतून व्हायरस येण्याचा धोका असतो. ड्रायव्हर असूनही स्कॅन होत नसेल, तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ यादीत ‘विंडोज इमेज ॲक्विझिशन’ ही सेवा सुरू आहे ना ते तपासावे.

ड्रायव्हर मिळतच नसेल, तर दोन वाटा आहेत. पहिली वाट व्ह्यूस्कॅन या विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची. जुन्या हजारो स्कॅनरसाठी त्याच्याकडे स्वतःची सोय आहे. विकत घेण्याआधी त्याची चाचणी आवृत्ती वापरून आपला स्कॅनर चालतो का ते पाहता येते.

दुसरी वाट लिनक्सची, आणि ती पूर्ण मोफत आहे. लिनक्समध्ये ‘सेन’ नावाची स्कॅनरची यंत्रणा असते. कॅननचे लाइड २०, २५, ३०, ३५, ६०, १००, ११०, १२०, २०० आणि २१०, तसेच एचपीचा स्कॅनजेट २४०० असे अनेक जुने स्कॅनर तिच्या यादीत आहेत. ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून संगणक त्यावरून सुरू करावा. सुरुवातीला ‘इन्स्टॉल न करता वापरून पाहा’ हा पर्याय निवडला, तर संगणकातल्या विंडोजला धक्का लागत नाही. मग स्कॅनिंगचे सॉफ्टवेअर उघडून स्कॅन करावा.

ही चाचणी सर्वांत उपयोगी आहे. लिनक्सवर स्कॅन झाला, तर यंत्र चांगले आहे आणि दोष फक्त ड्रायव्हरचा आहे. ‘सेन’च्या यादीत असूनही स्कॅनर दिसलाच नाही, तर दोष केबल, वीज किंवा आतल्या सर्किटमध्ये शोधावा.

यूएसबीच्या आधीचे, प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टला जोडायचे स्कॅनर मात्र वेगळे समजावेत. बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल प्रिंटरसाठी असते; स्कॅनर तिच्यावर सहसा चालत नाही. त्यासाठी जुना संगणकच लागतो.

तिसरी तपासणी: प्रतिमा काय सांगते?

स्कॅन होतो पण खराब येतो, तेव्हा कोरा पांढरा कागद स्कॅन करून प्रतिमा नीट पाहावी. मग कागद फिरवून पुन्हा स्कॅन करावा. डाग कागदासोबत फिरला तर तो कागदावरचा, जागेवर राहिला तर स्कॅनरमधला.

- एकाच जागी ठिपका किंवा डाग: काचेवर, वरून किंवा आतून, धूळ किंवा डाग आहे.
- वरपासून खालपर्यंत सरळ उभी रेघ: सेन्सरसमोर धुळीचा कण आहे किंवा पांढरी मापनपट्टी मळली आहे.
- आडवे पट्टे, चिरलेली किंवा दातेरी अक्षरे: हेड झटक्याने पुढे जाते आहे, पट्टा, दांडी किंवा वीज पाहावी.
- पूर्ण प्रतिमा धुरकट: काचेच्या आतून थर बसला आहे किंवा बाष्प धरले आहे.
- सीसीडीमध्ये प्रतिमा गुलाबी, पिवळट किंवा एका कडेला अंधारी: नळी म्हातारी झाली आहे. सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटे तापू दिल्यास थोडा फरक पडतो.
- सीआयएसमध्ये पूर्ण प्रतिमेला एकाच रंगाची छटा: तीनपैकी एक एलईडी लागत नाही किंवा रिबन केबल सैल आहे.
- प्रतिमा पूर्ण काळी: दिवा लागत नाही किंवा हेडचा संपर्क तुटला आहे.

उभ्या रेघेमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक स्कॅनआधी हेड काचेच्या सुरुवातीला आतून लावलेली पांढरी पट्टी वाचते आणि ‘पांढरे म्हणजे एवढा उजेड’ असे ठरवते. पट्टीवर धुळीचा कण असला की त्या बिंदूला उजेड कमी भासतो. स्कॅनर मग त्या बिंदूचा आकडा वाढवून घेतो आणि पानभर तिथे फिकट किंवा रंगीत रेघ उमटते. म्हणून काच वरून कितीही पुसली तरी ही रेघ जात नाही. ती जाण्यासाठी स्कॅनर उघडावाच लागतो.

उघडून साफसफाई

अडॅप्टर आणि यूएसबी काढून निदान पंधरा मिनिटे थांबावे. सीसीडी स्कॅनरमधल्या नळीला काहीशे व्होल्ट लागतात. अडॅप्टर १२ व्होल्टचा असला तरी आतले छोटे सर्किट ते वाढवून देते. त्यामुळे उघड्या स्कॅनरला वीज जोडून आत हात घालू नये. घरातल्या मोठ्यांनीच हे काम करावे.

स्क्रू तळाला किंवा मागे असतात. काही रबरी पायांखाली किंवा स्टिकरखाली लपलेले असतात. सगळे स्क्रू काढूनही झाकण निघत नसेल, तर कडेने प्लास्टिकच्या खाचा आहेत असे समजावे. जुने एटीएम कार्ड फटीत सरकवून त्या एकेक सोडवाव्यात. काच असलेली चौकट सरळ आणि सावकाश उचलावी. प्रत्येक टप्प्याला मोबाइलने फोटो काढून ठेवला, तर परत जोडताना गोंधळ होत नाही.

- सैल धूळ कॅमेऱ्यासाठी मिळणाऱ्या रबरी हवेच्या फुग्याने उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे थेंब पडतात.
- काच आतून पुसताना कापड मऊ आणि धागे न सोडणारे हवे. द्रव काचेवर न मारता कापडावर घ्यावा. ॲसिटोन, थिनर, बेंझिन आणि अमोनिया असलेली द्रव्ये वापरू नयेत.
- पांढरी मापनपट्टी कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसावी. ती ओरखडली तर रेघ कायमची राहते.
- सीआयएस हेडवरची लांब भिंगपट्टी कोरड्या कापडाने एकाच दिशेने पुसावी.
- सीसीडी हेडमधले आरसे घासू नयेत. त्यांचा चकाकता थर वरच्या बाजूला असतो आणि सहज निघतो. फक्त हवेने धूळ उडवावी.

हेडपासून सर्किटपर्यंत जाणारी चपटी रिबन केबल हेडबरोबर सतत वाकते. तिचे टोक सैल झाले असेल, तर जोडणीवरची छोटी पट्टी उचलून केबल काढावी आणि सरळ बसवून पट्टी परत दाबावी. काळी प्रतिमा, रंगाची छटा किंवा मध्येच थांबणे यांपैकी काहीही असले, तर हा उपाय जरूर करून पाहावा. केबलच तुटली असेल, तर डाग देऊन जोडता येत नाही, बदलावी लागते.

हेड अडकते किंवा कटकट आवाज येतो

हेड ज्या धातूच्या दांडीवर सरकते, तिच्यावरचे ग्रीस वर्षांनी वाळते आणि धुळीबरोबर चिकट होते. दांडी कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन स्वच्छ पुसावी. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने दांडीवर पसरावा. जास्त तेल लावू नये, ते काचेवर आणि पट्ट्यावर जाते. खोबरेल तेल तर मुळीच नको. ते साधारण २४ अंशांखाली गोठते, म्हणजे वाशिमच्या थंडीत हेड पुन्हा जागेवर बसेल.

दातेरी पट्टा ताणलेला आहे का, त्याचे दाते झिजले आहेत का आणि ताण देणारी स्प्रिंग जागेवर आहे का, हे पाहावे. चाकांमध्ये मेलेली मुंगी, झुरळाचा तुकडा किंवा टाचणी अडकलेली असू शकते.

हेड टोकाला जाऊन कटकट वाजत राहते, तेव्हा त्याला आपली सुरुवातीची जागा सापडत नसते. काही मॉडेल ही जागा छोट्या सेन्सरने ओळखतात, तर काही मापनपट्टीजवळची खूण वाचून. त्यामुळे दिवा गेला असला, तरी लक्षण मोटर बिघडल्यासारखे दिसते. आवाज आला की आधी दिवा लागतो का ते पाहावे.

कुठे थांबावे?

जळका वास, सर्किटवर काळा डाग, फुगलेले कपॅसिटर किंवा तडकलेली काच दिसल्यास घरचे काम संपले. नळी फुटली असेल, तर तिच्यात थोडा पारा असतो. खोलीची हवा खेळती ठेवावी आणि तुकडे उघड्या हाताने उचलू नयेत. जुन्या मॉडेलचे सुटे भाग नवे मिळणे कठीण असते. अशा वेळी त्याच मॉडेलचा दुसरा बंद स्कॅनर स्वस्तात मिळाल्यास त्याचा पट्टा, काच किंवा हेड वापरता येते. दुरुस्ती शक्यच नसेल, तर तो कचऱ्यात किंवा भंगारात न टाकता नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

स्कॅनर चालू झाल्यावर

जुन्या दाखल्यांसाठी ३०० डीपीआय पुरते. छोटे फोटो, फिकट शाई आणि शिक्के यांच्यासाठी ६०० डीपीआय ठेवावे. ३०० डीपीआयला रंगीत ए-४ पान न आकुंचलेल्या रूपात सुमारे २६ एमबी होते आणि ६०० ला चौपट. खोक्यावर छापलेल्या फार मोठ्या आकड्यांना भुलू नये. खरा उपयोग ‘ऑप्टिकल’ रिझोल्यूशनचा असतो. कागद काळा-पांढरा दिसला, तरी रंगीतच स्कॅन करावा, म्हणजे फिकट शाई आणि डाग वेगळे ओळखता येतात. जपून ठेवायची प्रत टिफ किंवा पीएनजीमध्ये आणि पाठवायची प्रत पीडीएफमध्ये काढावी. फाइलच्या नावात कागदाचा प्रकार, व्यक्ती आणि साल लिहावे, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.

घडीचा कागद जबरदस्तीने उलगडू नये आणि झाकण दाबून धरू नये. शिवलेली जुनी वही, पोथी किंवा हस्तलिखित काचेवर पालथे घालणे टाळावे. कारंजा लाडच्या जैन मंदिरांतील ग्रंथभांडारांसारख्या ठेव्यासाठी वरून छायाचित्र घेण्याचीच पद्धत योग्य ठरते. फ्लॅटबेड हा सुट्या पानांसाठी आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. घरी केलेला स्कॅन ही प्रमाणित नक्कल नव्हे. कार्यालयात मूळ कागद किंवा संबंधित अभिलेखातून मिळालेली साक्षांकित प्रत लागतेच. पण मूळ कागद हरवला किंवा वाचता येईना, तर कोणत्या वर्षाच्या, कोणत्या गावाच्या नोंदवहीत शोधायचे हे त्या स्कॅनवरून कळते.

पुन्हा बिघडू नये म्हणून

वाशिमच्या हवेत स्कॅनरचे दोन शत्रू आहेत. उन्हाळ्यात आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत काळ्या मातीची बारीक धूळ, आणि पावसाळ्यात दमट हवा. स्कॅनरवर सुती कापड घालावे. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्यास आत ओल कोंडते. खिडकीखाली किंवा पत्र्याच्या छताला लागून ठेवू नये. वापर नसताना अडॅप्टर बोर्डातून काढून ठेवावा. महिन्यातून एकदा एखादे पान स्कॅन केले, तर दांडीवरचे तेल वाळत नाही आणि दोष वेळेत कळतो. माळ्यावर ठेवायचाच असेल, तर कुलूप लावावे आणि ‘कुलूप लावले आहे’ अशी चिठ्ठी झाकणावर चिकटवावी.